मदत हवी आहे: लहान आकाराची, परवडणारी सेमी-हॉलो (अर्धपोकळ देहाची) इलेक्ट्रिक गिटार कोणती घ्यावी?

नमस्कार. मी रत्नागिरीत राहतो. गिब्सनने १९५८ साली आणलेल्या ईएस-३३५ गिटारचा आवाज मला फार आवडतो, परंतु तिचा सुमारे १६ इंच रुंदीचा देह मांडीवर सांभाळणे मला अवघड जाते (किमतीविषयी तर बोलायलाच नको). म्हणून एपिफोनची ईएस-३३९ किंवा आयबानेझची एखादी एएम मालिकेतील गिटार घेण्याचा विचार आहे. अशा गिटारच्या देहात मधोमध लाकडी ठोकळा असल्यामुळे फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारा कर्कश गुंजारव) कमी होतो, तेव्हा त्याची काळजी नाही. खरी चिंता खाऱ्या, दमट हवेची आहे, कारण पावसाळ्यात येथे तारा लवकर गंजतात आणि गिटारची मानही हलते. किनाऱ्यालगत राहून यांपैकी एखादी गिटार वापरणाऱ्यांनी तिचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), खुंट्या आणि पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग) कसे टिकले, तसेच वापरलेली गिटार घेताना काय तपासावे, हे कृपया सांगावे.