‘जोकर’मध्ये राजकारण नाही, असे म्हणणाऱ्यांना उत्तर

उत्तररात्र :
‘जोकर’ (२०१९) हा एका माथेफिरूची कीव करायला लावणारा चित्रपट आहे आणि त्यातले राजकारण समीक्षकांनी बाहेरून चिकटवलेले आहे, असा निकाल येथील एका ज्येष्ठ सदस्यांनी काल दोन ओळींत देऊन टाकला. तो मला मुळीच पटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मरी या सूत्रसंचालकाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आर्थर, म्हणजे पुढे जोकर होणारा नायक, स्वतःच सांगतो की आपल्याला राजकारणाशी देणेघेणे नाही. पण पात्राचे म्हणणे तेच चित्रपटाचे म्हणणे, असे धरून चालता येत नाही. त्याच्या मानसिक उपचारांसाठी नेमलेल्या समुपदेशक बाई त्याला सांगतात की निधी कापला गेला आहे, कार्यालय पुढच्या आठवड्यात बंद होणार आहे, आणि वर बसलेल्यांना जशी तुझ्यासारख्यांची पर्वा नाही तशी माझ्यासारख्यांचीही नाही. त्यावर तो एवढेच विचारतो की मग मला औषधे कुठून मिळणार. कथा १९८१ मध्ये, न्यूयॉर्कवर बेतलेल्या गॉथम या काल्पनिक शहरात घडते. त्याच वर्षी अमेरिकेत रेगन सरकारने अर्थसंकल्पाच्या कायद्यातून कार्टर यांच्या काळातला, १९८० चा मानसिक आरोग्य कायदा बहुतांशी मोडीत काढला आणि केंद्राचा भार ठोक अनुदानाच्या रूपाने राज्यांवर ढकलला. हा निव्वळ योगायोग आहे असे मी मानत नाही. बाहेर निदर्शक घोषणा देत असताना आत थॉमस वेन हा अब्जाधीश आणि त्याच्या वर्तुळातली मंडळी उंची कपड्यांत बसून कामगारांच्या हालांवरचा चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ पाहत हसत आहेत, या प्रसंगात राजकारण नसेल तर मग ते कशात असते, हे कृपया कोणीतरी सांगावे.

गोदाकाठ :
राजकारण आहे, पण ते नेपथ्यापुरते आहे. शहरात सफाई कामगारांचा संप चालू आहे. मात्र पडद्यावर कचऱ्याच्या पिशव्यांचे ढीग आणि उंदरांच्या बातम्या दिसतात, संपकरी कामगार बोलताना कुठेच दिसत नाही. निदर्शकांना नक्की काय हवे आहे हेही कळत नाही. ते मुखवटे घालतात आणि जाळपोळ करतात. गरिबांचा राग म्हणजे बिनडोक झुंड, हे श्रीमंतांचे फार जुने मत आहे आणि हा चित्रपट तेच पुढे रेटतो. दुसरे असे की, १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गोएट्झ या गोऱ्या माणसाने चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि शहरातल्या बऱ्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतले होते. चित्रपटात आर्थर भुयारी रेल्वेत तिघांना गोळ्या घालून मारतो, त्या प्रसंगावर त्या घटनेची सावली स्पष्ट आहे, पण इथे मरणारे तिघे वेनच्या कंपनीतले गोरे नोकरदार आहेत. वंशाचा प्रश्न असा अलगद बाजूला काढल्यावर प्रेक्षकाला निर्धास्त मनाने टाळ्या वाजवता येतात.

पारिजातक :
आपण दोघेही विद्वान आहात, पण ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला हा चित्रपट कसा दिसतो, याचा विचार कोणी केलेला नाही. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. रोज रात्री जेवणानंतर मी त्याच्या तळहातावर गोळ्या ठेवते, तो पाणी पिऊन तोंड उघडून दाखवतो आणि मग आम्ही कॅरम खेळतो. हा चित्रपट आला त्या वर्षी आम्ही भाड्याचे घर पाहत होतो. बोलणी पक्की झाली होती, पण भावाच्या आजाराबद्दल कळताच मालकांनी याच चित्रपटाचे नाव घेतले आणि इमारतीत लहान मुले आहेत असे सांगून नकार कळवला. अशा आजाराची माणसे हिंसा करण्यापेक्षा हिंसा सोसतात अधिक, हे कोणताही मनोविकारतज्ज्ञ सांगेल.

उत्तररात्र :
आपल्या बाबतीत झाले ते संतापजनक आहे. तरीही चित्रपटावर हा आरोप बसत नाही, कारण रेल्वेतले तिन्ही खून आधी होतात आणि कार्यालय बंद झाल्याचे त्याला नंतर कळते. तेव्हा त्याची सात प्रकारची औषधे चालूच होती. त्या डब्यात त्याला खाली पाडून लाथा घातल्या जातात आणि खिशात सहकाऱ्याने दिलेले पिस्तूल असते. त्या खुनांचे कारण आजार नसून मारहाण आणि पिस्तूल हे आहे.

पारिजातक :
पुढचे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. रँडल (पिस्तूल देणारा तोच) आणि गॅरी हे जुने सहकारी भेटायला येतात तेव्हा आर्थर सांगतो की औषधे बंद केल्यापासून फार बरे वाटते, आणि काही क्षणांतच रँडलला कात्रीने भोसकतो. घाबरलेल्या गॅरीचा हात दाराच्या साखळीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आर्थरच ती काढून देतो, आणि ज्याने कधी वाईट वागवले नाही त्याला जाऊ देतो. हा प्रसंग उत्तम आहे हे मीही मान्य करते. पण प्रेक्षकांच्या मनात औषध बंद आणि कात्री यांची जोडी कायमची बसते, आणि तिची किंमत माझ्या भावाला मोजावी लागते.

गोदाकाठ :
ताई, सहानुभूती आहे, पण प्रत्येक कलाकृतीला आपल्या घरच्या दुःखाची फूटपट्टी लावली तर चर्चाच खुंटेल. मूळ मुद्दा संपाचा आणि वंशाचा होता.

पारिजातक :
न्यूयॉर्कमधल्या गोळीबाराचे दुःख आपल्याला राजकीय वाटते आणि माझे घरगुती, हीच आपल्या विचारांची मर्यादा आहे. उपचारांचा निधी कापणे हे राजकारण असेल, तर उपचार घेणाऱ्याला घर नाकारणे हेही राजकारणच आहे. मला फूटपट्टी शिकवू नका.

सह्यकडा :
मी न्यू जर्सीत राहतो. २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा येथे बॅटमॅनच्या चित्रपटाच्या वेळी चित्रपटगृहात गोळीबार होऊन बारा माणसे मारली गेली होती, आणि जोकर हा बॅटमॅनच्याच कथांतला खलनायक, त्यामुळे ‘जोकर’ लागला तेव्हा आमच्या चित्रपटगृहाच्या दारात पोलीस उभे होते. याउलट लेबनॉनची राजधानी बैरूतमध्ये त्याच ऑक्टोबरात काही निदर्शक जोकरचा चेहरा रंगवून सरकारविरुद्ध रस्त्यावर आले. गोदाकाठ म्हणतात तशी ती बिनडोक झुंड नव्हती; भ्रष्टाचाराविरुद्धच्या त्यांच्या मागण्या स्पष्ट होत्या.

गोदाकाठ :
बैरूतच्या लोकांनी मुखवट्याला अर्थ दिला, त्याचे श्रेय दिग्दर्शकाला देऊ नका.

उत्तररात्र :
संपकरी दिसत नाहीत, हा गोदाकाठ यांचा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. तेवढ्यापुरता चित्रपट कच्चा आहे. पण निधीकपातीचा प्रसंग नेपथ्य आहे, हे मी मान्य करणार नाही. पारिजातक यांनी घराबद्दल जे लिहिले आहे त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पारिजातक :
उत्तर मी आपल्याकडे मागितलेलेच नव्हते. त्या समुपदेशक बाईंचे कार्यालय बंद झाल्यावर त्यांच्याकडे येणाऱ्या इतर रुग्णांचे काय झाले, हे चित्रपट एकदाही विचारत नाही. त्यांच्यातल्या कोणीही खून केला नसेल, आणि म्हणूनच त्यांच्यावर चित्रपट निघत नाही.