टीबीचं एक्स-रे एआय: आधी आपल्याच रुग्णांवर पारखा

'कंपनी ९० टक्के अचूकता दाखवतेय, मग शिबिरासाठी छातीचा एक्स-रे वाचणारं एआय का घेऊ नये?' असा प्रश्न विचारला जातो. घ्या की, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये १५ वर्षांपासून पुढच्यांच्या टीबी चाळणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. पण नुसती 'अचूकता' ऐकून भुलू नका. संवेदनशीलता (टीबी असलेल्यांपैकी किती जण पकडले जातात) आणि विशिष्टता (टीबी नसलेल्यांपैकी किती जण बरोबर वगळले जातात) वेगवेगळी मागा.

समजा ती अनुक्रमे ९० आणि ७० टक्के आहे. १००० जणांत टीबीचे १० असतील तर ९ सापडतील, १ निसटेल. टीबी नसलेल्या ९९० पैकी २९७ जणांवरही संशयित म्हणून खूण पडेल. म्हणजे सीबीनॅटला (थुंकीतले टीबीचे जंतू जनुकावरून ओळखणारी चाचणी) ३०६ नमुने. चार मॉड्यूलच्या, म्हणजे एका वेळी चार नमुने तपासणाऱ्या यंत्रावर ७७ फेऱ्या, फेरीला दीड-दोन तास! दर नमुन्याला लागणाऱ्या काट्रिजचा खर्च वेगळाच. डेमोत हे कुणी सांगत नाही.

सॉफ्टवेअर प्रत्येक एक्स-रेला टीबीच्या संशयाचा स्कोअर देतं आणि ठरावीक मर्यादेवरच्यांवर खूण करतं. ही मर्यादा वाढवली की तपासणीचा भार घटतो, पण निसटणारे वाढतात. जुन्या टीबीचे व्रण आणि खाणकामगारांचा सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) यांवर सॉफ्टवेअर हमखास अडखळतं, म्हणून मर्यादा आपल्या भागातल्या रुग्णांवरच ठरवावी. चाचणीकाळात कमी स्कोअरवाल्यांपैकीही काहींची थुंकी तपासा, नाहीतर निसटलेले कधी दिसणारच नाहीत. आणि करारात एक कलम हवंच: न कळवता आवृत्ती बदलायची नाही. अपडेटनंतर तोच स्कोअर वेगळा अर्थ देऊ शकतो, मग मर्यादा पुन्हा ठरवावी लागते.