‘कायदेशीर डोपिंग’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मुळशीकर
परवा येथील एका सदस्याने ठणकावून लिहिले की, रिओ ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकणारी अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स मिथाइलफेनिडेट हे बंदीच्या यादीतले उत्तेजक औषध घेत होती, हे कायदेशीर डोपिंग आहे आणि एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) ही श्रीमंत देशांनी शोधलेली पळवाट आहे. असल्या विधानांकडे मी एरवी काणाडोळा करतो; पण त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग पाहून राहवेना. बाइल्सचे वैद्यकीय कागद सप्टेंबर २०१६ मध्ये हॅकरांनी ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नोंदींतून चोरून चव्हाट्यावर मांडले. आपल्याला एडीएचडी आहे आणि लहानपणापासून आपण औषध घेतो, हे तिने लगोलग उघडपणे सांगितले. बंदी असलेले औषध उपचारासाठी घेण्याची रीतसर सूट तिच्याकडे होती. ही सूट मागेल त्याला मिळत नाही: निदान पक्के हवे, दुसरा वाजवी उपाय नसावा, पूर्वी चोरून घेतलेल्या औषधामुळे गरज निर्माण झालेली नसावी, आणि खेळाडू आपल्या निरोगी पातळीच्या वर जाता कामा नये. चोरांनी कागद पळवले आणि आपण जाब मात्र त्या मुलीला विचारतो आहोत.

सडेतोड
तो सदस्य मीच. आपणच दिलेली शेवटची अट पुन्हा वाचावी. मधुमेह्याची साखर मोजता येते. एकाग्रतेची ‘निरोगी पातळी’ कोणत्या रक्ततपासणीत दिसते? अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २००६ साली अँफेटामाइन या उत्तेजकावर बंदी आली. त्या वर्षी लक्षाच्या विकारासाठी सूट मिळालेले खेळाडू २८ होते, पुढच्या वर्षी १०३. एका हिवाळ्यात पंचाहत्तर धट्ट्याकट्ट्या गड्यांचे लक्ष उडाले, असे समजायचे काय?

मुळशीकर
बंदीच नव्हती तोवर कागद करण्याची गरज कोणाला होती? त्यांत काही लबाड असतील, हे मान्य. लबाड कोठे नसतात? पण २०१३ मध्ये ५३ होमरन मारणाऱ्या बेसबॉलपटू ख्रिस डेव्हिसला पुढच्याच वर्षी अ‍ॅडेरॉल या अँफेटामाइनयुक्त गोळीपायी २५ सामन्यांची बंदी भोगावी लागली. त्याला आधी सूट होती, त्या वर्षी नव्हती. खिरापत वाटली जात असती, तर ही वेळ आली नसती.

जुना खोखोपटू
तुमचे बेसबॉल राहू द्या. मी आयुष्यभर पोरांना मैदानात उतरवले आहे आणि माझे स्वच्छ मत आहे की वळवळ्या पोराला मैदान हेच औषध. जलतरणपटू मायकेल फेल्प्सचे निदान नवव्या वर्षी झाले, शाळेत असतानाच त्याने गोळी सोडली, आणि पुढे २३ सुवर्णपदके मिळवली. आमच्याकडे असला पोरगा आला की मैदानाला दहा फेऱ्या, आणि पुन्हा चुळबूळ केली तर आणखी दहा. पालकांना हल्ली पोराला ओरडलेले खपत नाही, म्हणून डॉक्टरकडून आजाराचे नाव आणतात.

कऱ्हाकाठ
सर, आपल्या त्या फेऱ्या माझ्या मुलाने मारल्या आहेत. आपल्याकडे नव्हे, आपल्यासारख्याच एका गुरुजींकडे. पळतीत तो कोणाच्या हाती लागत नसे, खांबाजवळ अशी हुलकावणी देई की प्रतिस्पर्धी संघाचे पालकही टाळ्या वाजवीत. बसतीत मात्र पाठीवर थाप पडून ‘खो’ कानी येण्याआधीच हा चौकोनातून उठलेला असे. पंचांची शिट्टी, संघाची बोलणी, मग फेऱ्या. फेऱ्या मारून दमलेला मुलगा अधिक लवकर उठत असे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ‘आईने लाडावले आहे’ हे मात्र सर्वांच्या ध्यानात आले. निदान बाराव्या वर्षी झाले. फेल्प्सने गोळी सोडली हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्यामागे शिक्षिका असलेली आई प्रत्येक वर्गशिक्षकाशी बोलत उभी होती, ते आपण सोयीस्करपणे वगळलेत.

सडेतोड
ताई, आपला मुलगा खरा असेल. पण ज्या राज्यात दहावीच्या वाढीव क्रीडागुणांसाठी कधीही न खेळलेली मुले प्रमाणपत्रे पैदा करतात, तेथे उद्या एडीएचडीचा दाखला कितीला मिळेल, एवढेच विचारतो.

कऱ्हाकाठ
दाखले विकणाऱ्यांना धरा. माझ्या मुलाच्या डोक्यावर त्यांचे पाप का?

जुना खोखोपटू
आम्ही मारलेल्या छड्यांनी कोणी मेले नाही, उलट घडले. आता शिस्त हा शब्द उच्चारला तरी आम्ही राक्षस!

कऱ्हाकाठ
जे घडले ते आपल्याला भेटायला येतात, सर. ज्यांनी मैदानच सोडले, ते येत नाहीत.

दवाखाना
मी मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ आहे. निदान रक्तावरून होत नाही हे खरे. पण शाळा आणि घर या दोन्ही ठिकाणची, बारा वर्षांच्या आतली लक्षणे तपासूनच ते करायचे असते. बंदीला कारण आहे. उत्तेजके थकव्याची जाणीव दडपतात आणि उन्हात शरीर तापत असताना खेळाडूला थांबू देत नाहीत. १९६७ च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मेलेल्या टॉम सिम्पसनच्या शरीरात अँफेटामाइन आणि मद्य सापडले होते. म्हणून सूट असली तरी मात्रा आणि हवामान पाहावेच लागते. मिथाइलफेनिडेटवरची बंदी केवळ स्पर्धाकाळापुरती आहे, आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीवरचेच दुसरे औषध बंदीच्या यादीत नाही. ते सर्वांना मानवतेच असे नाही.

सडेतोड
म्हणजे बंदीला अर्थ आहे, हे एका डॉक्टरांनी तरी मान्य केले. आभारी आहे. बाइल्सविषयीचा ‘डोपिंग’ हा शब्द मी मागे घेतो. बेसबॉलविषयीचा घेत नाही.

जुना खोखोपटू
गोळीविषयी माझे मत तेच आहे. फेऱ्यांविषयी ताईंनी जे लिहिले, त्यात मात्र तथ्य असू शकते, कारण दमलेला पोरगा बसतीत चुकतो हे मीच इतरांना शिकवत आलो. मुलगा अजून खेळत असेल, तर त्याला खांबाशेजारच्या चौकोनात बसवू नका, मध्ये बसवा. तेथे दोन्ही बाजूंचे गडी त्याला आवाज देत राहतील.