थीम पार्कच्या सहलीत मुलांचे खाणे कसे सांभाळावे?

प्रश्न: आम्ही पाच आणि नऊ वर्षांच्या मुलांसह तीन दिवस थीम पार्कमध्ये असू. तळलेले पदार्थ आणि गोड पेये यांवरच दिवस निघू नयेत, यासाठी काय करावे?

उत्तर १: मुक्कामाच्या ठिकाणी भरपेट न्याहारी करून निघावे, कारण रांगेत ताटकळलेले भुकेले मूल समोर दिसेल तेच मागते. अंडी, दही, ओट्स किंवा डाळीचा पदार्थ असला, तर पोट बराच वेळ भरलेले राहते. दुपारचे जेवण गर्दीच्या आधी, साडेअकराच्या सुमारास उरकल्यास पदार्थ शांतपणे निवडता येतात.

उत्तर २: बाहेरचे खाणे आत नेऊ देतात का, हे पार्कच्या संकेतस्थळावर आधीच पाहावे, नियम सर्वत्र सारखे नसतात. परवानगी असल्यास केळी, सफरचंद, दाणे न्यावेत. शिजवलेले अन्न मात्र तापमान ३२ अंश सेल्सियसच्या वर असताना तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

उत्तर ३: पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी असावी. आइस्क्रीमवर सरसकट बंदी घालू नये (ती टिकतही नाही). रोज एकच गोड पदार्थ, आणि तो मुलांनीच निवडायचा, असे घरीच ठरवावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पार्कचे नियम आजच तपासते.