रेशनच्या तांदळातले वेगळे दाणे: मुलीला द्यावेत, की शाळूवरच यावं?

कडक भाकरी (अक्कलकोट रोड, सोलापूर)

नमस्कार. मी घरी गणवेश शिवते. रेशनचा तांदूळ निवडताना सुपात मधेच काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळट, खडूसारखे. पाण्यात टाकले की त्यातले काही वर येतात. शेजारीण म्हणाली प्लास्टिक आहे, टाकून दे. दुकानात विचारलं तर "वरूनच असा येतो" एवढंच उत्तर.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळेतल्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ निघालं, गोळ्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात भात सणाला व्हायचा, रोज ज्वारीची भाकरी आणि कालवण, आणि शेतात दिवसभर वाकून कुणी चक्कर येऊन पडलं नाही. मला त्यांचं पटतं. हे दाणे नक्की कशाचे आहेत? आणि भात बंद करून शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर, यावं का? जो दाणा कुठे, कसा तयार झाला ते मला कुणी सांगत नाही, तो लेकराच्या ताटात वाढताना हात अडतो.

अंगणवाडी ताई

प्लास्टिक नाही हो, अजिबात नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळतात, मळतात आणि यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात. किलोभर तांदळात साधारण दहा ग्रॅम. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं, मग टप्प्याटप्प्याने रेशन, अंगणवाडी, शाळेचा आहार असं सगळीकडे आलं. पोत्यावर निळा 'प्लस एफ' शिक्का असतो. तुम्हाला सुटा मिळतो म्हणून दिसत नाही. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आजार असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ताई, भाकरी खुशाल द्या, पण गोळ्या थांबवू नका. ज्वारीत लोह आहे, पण ते सगळं अंगी लागत नाही. जेवताना लिंबू पिळा, हरभऱ्याची भाजी द्या, जेवणावर लगेच चहा नको.

शाळूवाला, मंगळवेढा

आमच्याकडं खोल काळं रान. परतीचा पाऊस एकदा चांगला मुरला की त्या ओलीवर पीक उभं राहतं, पाणी द्यावं लागत नाही. इथल्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं. पण पेरणारी माणसं कमी झाली ताई. काढणी हातानं उपटून करावी लागते, मजूर मिळत नाही, आणि उजनी धरणाचं पाणी गेलं तिथं ऊस गेला.

एक गोष्ट मात्र सांगतो. आपली मालदांडी ३५-१ ही शाळूची जातसुद्धा मोहोळच्या संशोधन केंद्रातच निवडलेली आहे. शास्त्र म्हटलं की लगेच वाईट, असं नाही.

कडक भाकरी

दोघांचेही आभार. प्लास्टिकची भीती गेली. शेजारणीलाही सांगितलं. गोळ्या चालूच राहतील.

दादा, मोहोळचं मला माहीत नव्हतं. पण तिथे शेतकऱ्याच्याच रानातल्या कणसांतून चांगलं कणीस निवडलं, आणि ते तुमच्या हातात परत दिलं. तुम्ही ते पेरता, त्यातलंच बी ठेवता. कारखान्यातल्या दाण्याचं बी ठेवता येत नाही. माझं दुखणं तिथे आहे. रोज एकाच पांढऱ्या भातावर आणून ठेवायचं, आणि मग त्यातच औषध घालायचं, हे मला उलटं वाटतं.

आणि हा दाणा ताटात आणण्याआधी आम्हाला विचारायला तर हवं होतं. बीटी वांग्याच्या, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेल्या वांग्याच्या वेळी सरकारने सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या होत्या, नागपुरातही झाली होती, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ते वांगं थांबवलं गेलं. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित, म्हणजे भाताच्याच जनुकात फेरफार केलेले, भाताचे दोन वाण जाहीर झाले, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १'. ते कमी पाण्यात, खारवट जमिनीत उपयोगी पडतील म्हणतात. पडोत. पण उद्या तो तांदूळ माझ्या पिशवीत आला तर मला कळेल का? मी शिकलेली दहावी, तरी माझ्या मुलीच्या ताटात काय आहे हे विचारायचा मला हक्क आहे.

रेशनचा भात टाकणार नाही, अन्न आहे ते. दुपारी भात, संध्याकाळी भाकरी, असं ठरवलंय. सध्या दुकानातून आणलेल्या ज्वारीला विरी (पिठाचा चिकटपणा) नाही, भाकरी थापताना कडेला चिरते. नवी ज्वारी कधी निघेल?

शाळूवाला, मंगळवेढा

जुन्या पिठाची विरी जातेच. आठवड्यापुरतंच दळून आणत जावा. आमची काढणी फेब्रुवारीत, मळणी होऊन माल घरात यायला मार्च उजाडतो. त्याआधी जानेवारीत हुरड्याला या, पोरीला घेऊन. कसं पिकतं ते तिच्या डोळ्यांनी बघू द्या.

कडक भाकरी

येतो नक्की. आणि मार्चमध्ये दोन कट्टे माझ्यासाठी बाजूला ठेवा. किडीची पावडर लावू नका, कडुलिंबाचा पाला मी घालते.