मारहाण नाही म्हणजे छळ नाही?
जोडीदारांच्या नात्यात मारहाण होत नसेल तर त्याला छळ म्हणू नये, असे काहीजण मानतात; हे मत मला पटत नाही. पै-पैचा हिशेब मागणे, आप्तांशी बोलणे तोडायला लावणे किंवा आजारपणात जोडीदाराला औषधपाण्याविना ठेवणे, हे सारे छळ आणि हेळसांड यांतच मोडते. ते पुरुषांच्याही वाट्याला येते. अशा वेळी दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावे, असा सल्ला दिला जातो; तोही, सद्हेतूने दिलेला असला तरी, सरसकट लागू पडत नाही, कारण जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते, तिथे समुपदेशकासमोर उच्चारलेल्या एका वाक्याची किंमत घरी परतल्यावर मोजावी लागते. अशा व्यक्तीने आधी एकटीने मदत मागावी, तीही जोडीदार तपासू शकणार नाही अशा फोनवरून. गळा दाबण्याचा प्रकार एकदा जरी घडला असेल, तर जिवाला धोका आहे असेच समजावे आणि वळ दिसत नसला तरी लगेच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.