सल्ला हवा: एकटा माणूस विरुद्ध बडी धेंडं (जुना हॉलिवूडपट)

संध्याछाया: रविवारी बाबांसोबत बघायला कृष्णधवल इंग्रजी सिनेमा सुचवा. साधा माणूस आणि समोर सत्ता-पैसावाले, असा. बाबा नगरपालिकेत कारकून होते, कागदांच्या भानगडींत त्यांना भारी रस. कोर्टातले नकोत, बघून झालेत.

कट्टेकरी: डोळे मिटून 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'. १९३९, फ्रँक काप्रा. जेम्स स्टुअर्ट पोरांच्या पथकाचा म्होरक्या असतो, त्याला सिनेटर करतात. भोळा आहे, काय उपद्रव देणार, म्हणून राज्य खिशात घातलेला जिम टेलरही मान डोलावतो. हा पठ्ठ्या मुलांच्या शिबिरासाठी विलेट क्रीकची जागा मागतो. नेमकी तीच जमीन टेलरच्या टोळीने भलत्यांच्या नावावर घेऊन ठेवलीय आणि तिथल्या धरणाची तरतूद खर्चाच्या विधेयकात गुपचूप घुसवलीय! पुढे स्मिथच्याच नावाचा बनावट कागद निघतो, हस्ताक्षरतज्ज्ञ येतात. बाबा खूश होणार.

रात्रपाळी: +१. पण टेलरपेक्षा पेनवर नजर ठेवा (क्लॉड रेन्स). हा ज्येष्ठ सिनेटर म्हणजे स्मिथच्या वडिलांचा जुना दोस्त. वडील छोट्या वर्तमानपत्राचे संपादक, खाणवाल्यांशी भिडले म्हणून पाठीत गोळी खाल्लेले. स्मिथ ती आठवण भक्तिभावाने काढतो तेव्हा पेनचा चेहरा बघा. मला तर सगळा सिनेमा त्या चेहऱ्यातच दिसतो. टेलरसारखे लबाड काय, पैशाला पासरी.

जुनाट_प्रोजेक्टर: शेवटाकडे स्मिथ सिनेटमध्ये जवळजवळ २४ तास बोलत राहतो. खाली बसला की संपलं, असा नियम. आवाज बसलेला वाटावा म्हणून स्टुअर्टच्या घशाला डॉक्टरकडून पाऱ्याचं औषध लावलं होतं. अध्यक्षाच्या खुर्चीतला हॅरी कॅरीही चुकवू नका: तोंडी नियम, गालात हसू. वॉशिंग्टनच्या पहिल्या खेळानंतर खरे सिनेटर मात्र चांगलेच चिडले होते म्हणे!

खडूस_काकू: शेवट गुंडाळलाय. इतका वेळ दमवून दोन मिनिटांत निकाल? त्यापेक्षा काप्राचाच 'मीट जॉन डो' (१९४१) बघा. खलनायक तोच, एडवर्ड आर्नल्ड. अमिताभचा 'मैं आज़ाद हूँ' त्यावरूनच.

कट्टेकरी: काकू, शेवटाबद्दल मान्य. पण जॉन डोचा शेवट तरी कुठे जमलाय? @संध्याछाया, सबटायटल्स लावाच, भराभर बोलतात. सव्वादोन तास हाताशी ठेवा.

संध्याछाया: सर्वांचे आभार, काल पाहिला. बाबा पेनवर एक अक्षर बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसत बसले. स्मिथविरुद्धच्या तारांच्या टोपल्या सभागृहात आल्या तेव्हा मात्र ताडकन म्हणाले, "एवढे अर्ज एका दिवसात येत नसतात गं. कुणीतरी मजकूर वाटलाय." पुढच्या रविवारी जॉन डो.